जोडीतला भोपळा

कोंडवाडीच्या बनुबाईच्या घरात चुलीच्या वर, आढ्याला दोन भोपळे टांगलेले असत. खायचे नव्हेत. कडू भोपळे, वेलावरच जून होऊ दिलेले आणि मग दोन हिवाळे धुरात वाळवलेले. हलवले की आतल्या बिया खुळखुळत. दोघांच्या मधे बांबूची कांब घट्ट बांधली की झाली सांगड. कांबेवर छाती टाकायची, एक भोपळा ह्या काखेशी, एक त्या काखेशी, आणि पायांनी पाणी मारत मुळा नदी ओलांडायची.

अकोले तालुक्याच्या पार मावळतीला, हरिश्चंद्रगडाच्या अंगाला ही वाडी. नगर जिल्हा म्हटला की लोकांना उघडी माळरानं आणि टँकर आठवतात. इथं आषाढ लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. झाडांच्या खोडांवर शेवाळ चढतं, धुतलेलं लुगडं चुलीशी धरून वाळवावं लागतं, आणि रान इतकं माजतं की कालची पायवाट आज सापडत नाही. नदीच्या अलीकडे कोंडवाडी, पलीकडे जांभूळवाडी, दोन्हीकडे महादेव कोळ्यांची घरं. उन्हाळ्यात मधे नुसते डोह आणि धोंडे. शेरडंसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जातात. पावसाचे तीन महिने मात्र मधे लाल पाणी, आणि त्याचा आवाज असा की ह्या काठाची हाक त्या काठाला जात नाही.

म्हणून पलीकडच्यांनी एक खूण ठेवलेली होती. कुणी बाई अडली की लांब काठीला सूप बांधून उंच धरायचं. सूप दिसलं की बनुबाई हातातलं काम टाकून निघायची. कारण दोन्ही वाड्यांना सुईण एकच होती, आणि सांगडही एकच.

हे काम तिला सासूकडून आलं, आणि कामाबरोबर भोपळेही आले. सासूनं मरायच्या आधी हात धरून सांगितलं होतं, "पोरी, ह्ये भोपळं तुझं न्हाईत. नदीचं हायेत. तू निस्तं टांगून ठेवायचंस. इकायचं न्हाई, उसनं द्यायचं न्हाई, कुनी लाख मागू दे. फुटला तर त्याच्याच बिया लावायच्या."

बनुबाईनं ते पाळलं. नवरा गेला, एकुलती लेक सासरी गेली, सांगड तेवढी राहिली. पाण्यात उतरायच्या आधी चिमूटभर नाचणीचं पीठ धारेत सोडायची आणि म्हणायची, "साती आसरांनो, मी बाळंतिनीकडं निघालेय, मधी येऊ नगा." आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. तिचा त्यांच्यावर विश्वास होता आणि त्यांचा तिच्यावर असावा, कारण तीस वर्षं त्यांनी तिला ने-आण करू दिली.

एकाहत्तर सालच्या वैशाखात शाळेचे गुरुजी एका पाहुणीला घेऊन आले. नगरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या साराबाई. तिथल्या ख्रिस्ती बायकांचं एक मंडळ होतं, आणि डोंगरातल्या नदीकाठच्या लोकांना काय हवं-नको ते बघून यायला मंडळानं त्यांना धाडलं होतं. बाई चांगल्या होत्या. घामानं निथळत चढण चढून आल्या, तरी तोंडावर हसू. आल्या-आल्या शेजारच्या पोरीच्या खरजेला स्वतःच्या हातानं मलम लावलं. गुरुजी त्यांना बनुबाईच्या पडवीत बसवून पुढच्या वाडीला गेले.

बाईंनी वही काढली. वहीत तीन भाग पाडलेले होते: राहणी, श्रद्धा आणि गरजा.

"देव कोणकोणते मानता तुम्ही?"

"कळसूबाई हाय, हरिश्चंद्राचा महादेव हाय, आसरा हायेत. आन् वाघदेव."

"वाघाची पूजा कशी काय करता?"

"करू नगो तर काय करू? त्यो काय गाय हाय व्हय, गवत टाकलं की गप बसंल?"

बाई हसल्या, बनुबाईही हसली. इथवर सगळं बरं चाललं होतं. मग बाईंनी पान उलटलं.

"घरात कंदील आहे?"

"न्हाई. चिमनी हाय."

"साबण?"

"न्हाई."

"पांघरायला माणशी एक घोंगडी?"

"न्हाई."

"वाडीत दवाखाना? औषधाची पेटी?"

"न्हाई."

"घरात कुणी शिकलेलं?"

"न्हाई."

"पायात चपला?"

दाराशी बनुबाईची धाकटी जाऊ लंका उभी होती. तिची जीभ वाडीत गाजलेली. ती म्हणाली, "बाई, हितल्या चिखलात चपला घालून उतरलं तर चपला ऱ्हाती तितंच आन् मानूस येतं घरी."

बाई पुन्हा हसल्या, पण वहीत त्यांनी 'नाही' असंच लिहिलं.

बनुबाईला तोवर आपलं घर रिकामं आहे असं कधी वाटलं नव्हतं. नाचणी होती, सरपण होतं, अडीनडीला हाक मारली तर सात घरं होती. पण एकेका 'न्हाई'बरोबर तिला वाटायला लागलं की कुणीतरी घरातली एकेक वस्तू उचलून अंगणात ठेवतंय. जेवायला वाढताना तर कहर झाला. मीठ संपलेलं. पाहुणीच्या समोर तिला लंकाकडून मीठ मागून आणावं लागलं. बाई नाचणीची भाकरी आणि सुक्या मासोळीची चटणी मिटक्या मारत जेवल्या, "किती गोड हात आहे तुमचा," म्हणाल्या. बनुबाईनं ते ऐकलंच नाही. तिच्या कानात मिठाचं भांडंच वाजत होतं.

निघायच्या वेळी लंका पाण्याला गेलेली. बाई आत चुलीपाशी हात धुवायला आल्या आणि त्यांचं लक्ष वर गेलं. त्यांनी भोपळ्याला हात लावला, टिचकी मारली.

"अगंबाई, किती सुरेख! हा एक मला द्याल का, बनुबाई? मंडळात ठेवीन. आमच्या बायकांनाही कळू दे, तुमच्याकडं काय काय आहे ते."

काय काय आहे.

सकाळपासून तिनं 'न्हाई'शिवाय शब्द काढला नव्हता. पाहुणी निघाली होती, हात पुढे होता. बनुबाईनं एक क्षण सासूचा चेहरा डोळ्यांपुढून बाजूला सारला आणि म्हणाली, "हाय की. न्या."

तिनंच स्टुलावर चढून दोरी सोडली. भोपळा बाईंच्या हातात देताना आतल्या बिया खुळखुळल्या. नदीत त्या दिवशी पाणी नव्हतं, डोहांवर चतुर उडत होते. बाईंना सुचावं तरी कसं, की हे काय आहे? त्यांनी विचारलं नाही, आणि बनुबाईनं सांगितलं नाही. गुरुजींबरोबर बाई उतरून गेल्या, पिशवीतून भोपळ्याचा देठ वर आलेला.

मग बनुबाई आत आली आणि वर पाहिलं. एक भोपळा, आणि शेजारी मोकळी दोरी.

आपण काय केलं ते तिला त्याच क्षणी कळलं. भोपळा एक गेला तर सांगड निम्मी राहत नाही, सांगडच राहत नाही. एका काखेला भोपळा आणि दुसऱ्या काखेला नदी, असं कुणी पोहत नाही. धावत जाऊन बाईंना गाठता आलं असतं. त्या अजून उतारावरच असतील. पण दिलेली वस्तू परत मागायची? 'हाय' म्हणून पुन्हा 'न्हाई' म्हणायचं? तिचे पाय उंबऱ्याच्या बाहेर पडले नाहीत.

तिनं पावसात डोक्यावर घ्यायचं पळसाच्या पानांचं इरलं काढलं आणि त्या मोकळ्या दोरीवर लटकवून टाकलं.

लंकाच्या नजरेतून काही सुटत नसे. चार दिवसांनी तिनं इरल्याखाली डोकावून पाहिलं. "आक्का, दुसरा कुटं गेला?"

"उंदरानं कुरतडला. टाकून दिला."

"उंदरानं कडू भोपळा खाल्ला आन् खालचं नाचनीचं पोतं सोडलं? लईच उपासाचा उंदीर म्हनायचा."

"दुसरा हाय माझ्याकडं. काढीन पावसाआधी."

एक खोटं बोललं की त्याला सोबत लागते. बनुबाई लेकीला भेटायचं निमित्त करून घाट ओलांडून माहेरी गेली. भावाच्या घरी चांगले तीन भोपळे टांगलेले होते. दोन दिवस ती काही बोलली नाही. निघताना भावजयीला हळूच म्हणाली, "ह्यातला येक देतीस का गं?"

भावजयीनं हातातलं काम थांबवलं. "वन्सं, पार जायाचा भोपळा कुनी देतं व्हय? तुमी सुईन आसून इचारता?"

"थट्टा केली गं," असं म्हणून बनुबाई हसली, आणि घाट चढून वर येईपर्यंत तिचे कान तापलेलेच होते. भावजय मूठभर बिया देत होती. त्या तिनं घेतल्या. पण बी लावून भोपळा यायला दिवाळी, आणि तो वाळायला पुढचे दोन हिवाळे. पाऊस पंधरा दिवसांवर आलेला.

आणि जांभूळवाडीत मालनचे दिवस भरत आले होते.

मालन म्हणजे चांगुणाची लेक. चांगुणा बनुबाईची जिवाची मैत्रीण, ती जाताना म्हणाली होती, "बने, माझ्या मालनीकडं बघ." मालन जन्मली तीही बनुबाईच्याच हातावर. पलीकडच्या कारभारी नावाच्या पोराला दिली होती, आता पहिलटकरीण. नदीला पाणी यायच्या आधी बनुबाईनं पलीकडे जाऊन राहायला काय हरकत होती, असं कुणाला वाटेल. पण इकडे समजूत अशी की बोलावणं यायच्या आधी सुईण दारात जाऊन बसली तर बाळंतपण अडतं. आणि लोक विचारणार, का आलीस? सांगड कुठं आहे? बनुबाई त्या प्रश्नाला भ्याली. समजुतीचं पांघरूण तिला बरंच पडलं.

देवापुढे तिनं रोज कबूल केलं. वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावताना, आसरांना नैवेद्य ठेवताना ती पुटपुटायची, "चुकले." देवाला कबूल करणं सोपं असतं, तो उलटून विचारत नाही. माणसांपुढे मात्र तिची जीभ वळेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता पाऊस उतरला आणि नदी लाल झाली.

आषाढातल्या एका सकाळी लंका ओरडत आली. "आक्का, सूप! मालनीच्या दारचं सूप निगालं!"

बनुबाईनं बाहेर येऊन पाहिलं. धुकं फाटलं होतं, तिथून पलीकडच्या काठावर काठीच्या टोकाला सूप दिसत होतं. कारभारी ते हलवत होता. मधे पाणी नुसतं धावत होतं.

"लंके," ती खाली बसत म्हणाली, "माझा गुडगा धरलाय गं. रातीपासनं पाय उचलत न्हाई."

लंका तिच्याकडे बघत राहिली. मग काठावर गेली, आपल्या गुडघ्यावर हात मारून दाखवला, दोन्ही हात हलवले. येता येत नाही. पलीकडचं सूप थोडा वेळ खाली झालं आणि पुन्हा वर आलं. त्यांच्याकडे दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

लोकांनी राग केला असता तर बनुबाईला ते सोसलं असतं. पण वाडीतल्या बाया धावल्या. कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी वीट तापवून फडक्यात गुंडाळली. लंकानं घरातलं उरलंसुरलं खुरासणीचं तेल आणलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. जी लंका कुणाला सरळ बोलायची नाही ती म्हणाली, "तीस वरसं आक्का आपल्यापायी पान्यात उतरली. येक दिस तिचा पाय आपन धरू. चला गं, जोर लावा. दुपारपातूर हिला हुबी करू."

लंकानं अंगठा गुडघ्याच्या वाटीवर दाबला की बनुबाई कण्हायची. न कण्हून कसं चालेल? चांगल्या धडधाकट गुडघ्यावर चार बायांचे हात फिरत होते, घरातलं शेवटचं तेल मुरत होतं, आणि ती डोळे मिटून पडली होती. बायांना वाटलं, कळा सोसवत नाहीत. तिला वाटत होतं, ही जमीन दुभंगली तर बरं.

"दुकतंय का हितं?" लंकानं विचारलं.

"व्हय."

"आन् हितं?"

"तितंबी."

दुपारच्या सुमाराला कुणीतरी काठावरून हाक दिली. "दोन सुपं! दोन सुपं लावली!"

दोन सुपं म्हणजे मूल आडवं. दोन सुपं बनुबाईनं तीस वर्षांत तीनदाच पाहिली होती.

ती उठून बसली. लंकाच्या हातातून पाय सोडवून घेतला.

"लंके, गुडग्याला काय झालं न्हाई."

"पडून ऱ्हा आक्का, वाईच..."

"गुडग्याला काय झालं न्हाई म्हनते ना! माझ्याकडं सांगड न्हाई. भोपळा म्या देऊन टाकला."

लंका तेलकट हातांनी आत गेली, तिनं इरलं ओढून काढलं. मोकळी दोरी हलायला लागली.

"कुनाला?" लंकानं विचारलं.

"त्या वहीवाल्या बाईला."

"तिनं मागितला?"

"व्हय."

"आन् तू दिलास. नदीचा भोपळा."

"सकाळधरनं सगळ्याला न्हाई म्हनत हुते गं. कंदील न्हाई, साबन न्हाई, मीठ न्हाई. ह्ये येक मागितलं आन् हाय म्हनता आलं."

लंकाचा आवाज चढला. "हाय म्हनायला तुझ्या हातावर दोन वाड्या जलमल्या, त्या न्हाई दिसल्या? सांगायचं व्हतं, लिवा म्हनावं वहीत, ह्ये माजं हाय! आन् सकाळपासनं आमी काय चोळत बसलो? तुजं खोटं?"

बनुबाईनं मान खाली घातली. एक म्हातारी पदरानं हात पुसत उठली आणि काही न बोलता निघून गेली. ते लंकाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

लंकाही तरातरा निघून गेली. बनुबाईला वाटलं, आता कुणी येत नाही. पण ती परत आली ती काखेत भोपळा घेऊन. तिचा बियाण्याचा भोपळा: तोंड कापलेला, लाकडी गुडदीचं बूच बसवून मेणानं बंद केलेला. पंधरा दिवसांनी पेरायचं खुरासणीचं बी होतं त्यात. तिनं मेण फोडलं आणि सगळं बी त्या ओल्या हवेत टोपलीत ओतून टाकलं.

"लंके, बी कुजंल."

"तू बोलू नगो. मेन तापव."

गुडदीवर पुन्हा मेण ओतलं, वर डिंक चोळला. हा भोपळा बनुबाईच्या भोपळ्याहून लहान होता, त्यामुळे सांगड एका अंगाला झुकली. लंकानं दोरीचे वेढे दाबून आवळले, आणि पहिल्यांदाच हलक्या आवाजात म्हणाली, "डाव्या अंगाला जोर ठेव. गुडदीत पानी शिरंल. अर्ध्यात थांबू नगो."

काठावर बनुबाईनं पिठाची चिमूट घेतली खरी, पण तिला नेहमीचे शब्द म्हणवेनात. 'मधी येऊ नगा' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? ती एवढंच म्हणाली, "मला बुडवायचं तर येताना बुडवा."

पाण्यानं तिला दोन शेतं खाली नेऊन काढलं. लहान भोपळा हळूहळू जड होत होता, डावा हात भरून आला होता. जांभळीचं एक झाड वाकलेलं होतं, त्याची मुळी हाताला लागली. कारभारी धावत आला आणि तिला बखोटीला धरून वर ओढलं. त्याचे डोळे भरले होते.

"मावशी, दुकऱ्या पायानं आलीस गं!"

बोलायला वेळ नव्हता. झोपडीत मालन घामानं भिजून निपचित पडली होती. बनुबाईनं हात धुतले, तेल घेतलं, आणि पोटावरून हात फिरवत मूल वळवायला घेतलं. हात तेच होते, आणि त्या हातांना सगळं आठवत होतं. मूल वळलंही. पण सकाळ निघून गेलेली होती. दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. ती रडली नाही. बनुबाईनं तिला उलटी धरली, तळपायांना चोळलं, तोंडात फुंकर घातली, आणि मग तशीच छातीशी धरून बसली.

मालन वाचली.

मालनची सासू मनकर्णा बाहेर रडून आली आणि बनुबाईच्या पाया पडायला वाकली. "नातीचं नशीब नव्हतं. पर सून तुझ्यामुळं ऱ्हायली. धरलेल्या गुडग्यानं ह्या पान्यातनं कोन येतं?"

बनुबाईनं पाय असे मागे ओढले की मनकर्णा दचकली.

तीन दिवस पुराचा जोर कमी झाला नाही. तीन दिवस बनुबाई त्या घरात राहिली. मनकर्णा तिच्या पायाखाली गोणपाट घडी करून ठेवायची, कारभारीनं तिच्यासाठी काठी तासून आणली. येणारी-जाणारी माणसं म्हणायची, "हीच ती, पाय मोडका तरी आली." पलीकडे काय झालं ते ह्या काठाला कुणालाच ठाऊक नव्हतं. नदीतून पायी ये-जा सुरू व्हायला अजून दोन महिने होते. तोवर गोष्ट शिळी झाली असती. गप्प राहिली असती तर जन्मभर तिला इथे मान मिळाला असता, पण तो खोट्या गुडघ्याचा असता.

तिसऱ्या दिवशी ती मालनच्या अंगाला तेल लावत होती. मनकर्णा शेणी आणायला गेली होती. बनुबाईनं सगळं सांगितलं. वही, मीठ, भोपळा, इरलं, उंदीर, गुडघा. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही.

मालन छपराकडे पाहत ऐकत होती.

"मावशे, बाईला न्हाई म्हनता आलं न्हाई व्हय तुला?"

"लाज वाटली गं."

"आन् सकाळी पाय दुकतो म्हनायची वाटली न्हाई?"

बनुबाईचे हात थांबले. मालननं तोंड भिंतीकडे फिरवलं. आता ही म्हणेल, जा बाहेर. म्हणायलाच हवं होतं. भिंतीकडे तोंड करूनच मालन म्हणाली, "पाठ ऱ्हायली. चोळ."

बनुबाईनं पाठ चोळली. संध्याकाळी तिनं कारभारी आणि मनकर्णेलाही सांगितलं. कारभारीनं कोपऱ्यातली काठी उचलली आणि चुलीत घातली. मनकर्णेनं रागारागानं पायाखालचं गोणपाट काढून घेतलं. बनुबाईला त्यानं बरंच वाटलं. निदान आता ती जमिनीवर बसली होती.

पुराचा जोर ओसरला तशी गुडदीला पुन्हा मेण लावून बनुबाई परतली. लंकाचं बी कुजलं. त्या वर्षी तिच्या घरी खुरासणीचं तेल निघालं नाही. ती बनुबाईशी बोलायची, पण भाजी मात्र वर्षभर कोरडीच वाढायची, आणि वाढताना म्हणायची, "तेल तुझ्या गुडग्यात गेलं, आक्का."

कार्तिकात साराबाई आल्या. बरोबर एका माणसाच्या डोक्यावर घोंगड्यांचा गठ्ठा. आनंदात होत्या. त्यांनी सांगितलं, मंडळानं भोपळा काचेच्या कपाटात ठेवला, सगळ्यांनी कौतुक केलं, त्याच्यामुळेच तर एवढ्या घोंगड्या जमल्या. खाली चिठ्ठीही लावली आहे: 'नदीकाठच्या लोकांचे पाणी भरण्याचे भांडे.'

बनुबाईनं त्यांना पडवीत बसवलं आणि नदीकडे बोट दाखवलं. पावसाळ्यात पाणी कुठवर येतं तो चिखलाचा पट्टा झाडांवर अजून दिसत होता, माणसाच्या उंचीवर. मग भोपळा कशासाठी असतो ते सांगितलं, आणि मालनच्या मुलीचं सांगितलं.

साराबाई पांढऱ्या पडल्या. "तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?" मग स्वतःच म्हणाल्या, "मी विचारलंच नाही. देवा, क्षमा कर. कंदील विचारला, साबण विचारला. हे नाही विचारलं."

"तुमाला ठावं नव्हतं, बाई. मला ठावं हुतं. वाटनी करू नगा, माझंच जास्त हाय." मग म्हणाली, "वही आनलीय का?"

बाईंनी वही काढली.

"गरजा म्हनून लिवता न्हवं? लिवा. सुईनीला तिचा भोपळा परत पायजे."

पौष महिन्यात बाई भोपळा घेऊन स्वतः आल्या. पण भोपळ्याचं तोंड कापलेलं होतं. मंडळातल्या कुणीतरी कार्यक्रमाला त्यात फुलं ठेवली होती. बाईंना मान वर करवेना. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. "आतल्या बिया मात्र मी टाकू दिल्या नाहीत."

तोंड कापलेला भोपळा बनुबाईनं लंकाला दिला, बियाण्यासाठी. लंकानं तो फिरवून पाहिला, आत हुंगलं. "फुलांचा वास येतोय. माजं बी आता लगीनघरातलं झालं," म्हणाली. हसली मात्र नाही. बिया बनुबाईनं परसात लावल्या, शेजारी भावजयीच्याही.

पुढचं बहात्तर साल असं आलं की आषाढातसुद्धा नदी पोटरीच्या वर गेली नाही. सांगड लागलीच नाही. माणसं पावसासाठी देवाला साकडं घालत होती आणि बनुबाईही घालत होती. फक्त रोज नदीकडे बघताना तिच्या मनात यायचं, हेच वर्ष आधी आलं असतं तर? असा विचार आला की ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची. सगळ्यांच्या भुकेवर आपली चूक धुवायला निघालो आपण.

त्र्याहत्तरच्या वैशाखात मालन नदी ओलांडून आली. पुन्हा दिवस गेलेले होते, बाळंतपण तीन महिन्यांवर आलं होतं. बनुबाईनं पाट मांडला, पाणी दिलं. मालन बसली नाही. पडवीच्या दर्शनी भागात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे आता भोपळे टांगलेले असत. एक सासूच्या वेळचा. दुसरा परसातल्या वेलाचा. त्याला धूर एका हिवाळ्याचाच मिळाला असता, म्हणून तो चुलीवर टांगला तेव्हापासून बनुबाईनं चूल उन्हाळ्यातही विझू दिली नव्हती. इरलं दाराच्या मागे होतं.

मालननं मान वर केली.

"दोन हायेत, मावशे?"

"दोन हायेत."

मालननं दोन्हींवर एकेक टिचकी मारली, कान देऊन ऐकलं, आणि मग पाटावर बसून पाणी प्याली.